दुसरा रकाना

गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातून परतताना मुरोताने इमारतीच्या खालच्या पत्रपेटीतून पाकीट काढलं, आणि ते आपल्याच कंपनीचं आहे हे त्याला नाव वाचायच्या आधीच कळलं. एकतीस वर्षं तो गिऱ्हाइकांना माफीची पत्रं धाडत आला होता ती ह्याच फिकट निळ्या पाकिटांतून. कोपऱ्यात नळाचं तेच चित्र. नाव मात्र त्याचं नव्हतं. ‘मुरोता तोमोए यांस’ असं छापलेलं होतं आणि खाली तांबड्या शाईत, कुणा मुलीच्या गोलसर अक्षरात, ‘स्वतः उघडावे.’ लिफ्ट आली, उघडली, मिटली, वर निघून गेली. मुरोता पाकीट धरून उभाच राहिला. तोमोएला जाऊन येत्या फेब्रुवारीत तीन वर्षं होणार होती. तिच्या नावाने अजून बरंच काही यायचं. चष्म्याच्या दुकानाची सवलत, लायब्ररीतल्या मैत्रिणींच्या मंडळाचं पत्रक, दातांच्या डॉक्टरची आठवण. ते सगळं तो वर नेऊन तिच्या फोटोपुढे ठेवायचा आणि महिनाअखेरीला रद्दीत घालायचा. ह्या सगळ्यांना ती गेल्याचं कळवायला हवं होतं हे त्याला ठाऊक होतं, पण चष्म्याच्या दुकानाचं चाललं असतं, कंपनीचं तसं नव्हतं. कंपनीलाही त्याने कळवलेलं नव्हतं. हे आठवलं तसा तो लिफ्टची वाट न बघता चार जिने चढून वर गेला.

वर येऊन त्याने पाकीट नेहमीसारखं फोटोपुढे ठेवलं, छोटी घंटी वाजवली, हात जोडले. मग आंघोळ केली, दुकानातून आणलेली बटाट्याची कटलेटं गरम केली, तांबड्या मिसोचं सूप केलं आणि जेवायला बसला. बायकोचं पत्र फोडायचं नाही हा त्याचा अठ्ठावीस वर्षांचा नेम होता आणि ती गेल्यावरही त्याने तो मोडला नव्हता. पण कटलेट काही घशाखाली उतरेना. शेवटी त्याने चष्मा लावून, कात्रीने, कडेकडेने पाकीट कापलं. ‘आपले पती त्रेपन्न वर्षांवरच्या सहकाऱ्यांसाठी भरवलेल्या “स्वतःची ओळख” ह्या वर्गाला येत आहेत,’ असं पत्रात होतं. ‘वर्गाच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात घरच्या माणसाचं पत्र द्यावं असं आम्ही ठरवलं आहे. सोबतच्या कागदावर तीन रकाने आहेत. ते आपल्या हस्ताक्षरात भरून वीस तारखेच्या आत पाठवावेत. कृपा करून पतीला काही कळू देऊ नये. त्यांना आनंदाचा धक्का द्यायचा आहे.’ खाली कर्मचारी विभागातल्या सेरिझावा नावाच्या मुलीची सही. आणि दुसऱ्या कागदावर रकाने. पहिला, त्यांच्या अंगचा सर्वांत मोठा गुण कोणता? दुसरा, त्यांना आयुष्यात सर्वांत मोलाचं काय वाटतं? तिसरा, त्यांना एकच गोष्ट सांगायची तर कोणती सांगाल? आनंदाचा धक्का हे शब्द वाचून मुरोताला हसू आलं. बराच वेळ त्याला वाटत होतं की आपण हसतोच आहोत. मग त्याने कटलेट झाकून ठेवलं.

वर्गाचा पहिला दिवस गेल्याच शनिवारी झाला होता. वर्ग म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं. त्रेपन्न वर्षांवरच्या माणसांना कंपनी एकदम जा म्हणत नाही. आधी त्यांचे गुण कोणते ते शोधायला सांगते, म्हणजे ते गुण घेऊन त्यांनी दुसरीकडे कुठे तरी जावं. एकूण चौदा जण होते, आणि शिकवायला एक राखी कोटातला पोरगेला माणूस. त्याने प्रत्येकासमोर पन्नास पत्ते ठेवले. पत्त्यांवर एकेक शब्द होता. प्रामाणिकपणा, साहस, कुटुंब, ज्ञान, कीर्ती, मैत्री. त्यातले दहा ठेवा, मग पाच ठेवा, मग एकच. तो एक म्हणजे तुम्ही. पॅकिंगमधल्या कुरोइवाने ‘विश्रांती’ ठेवला आणि सगळ्यांना हसवलं. मुरोताला हवा तो पत्ता गठ्ठ्यात नव्हताच. तसं असेल तर कोरा पत्ता घ्या आणि स्वतः लिहा, असं राखी कोटवाला म्हणाला, तेव्हा मुरोताने लिहिलं, ‘कुणाला आपला त्रास होऊ न देणं.’ त्या माणसाने पत्ता उलटसुलट पाहिला. “हे तुम्ही काय करत नाही ते झालं, मुरोतासान. तुम्ही काय करता ते सांगा की.” मुरोता म्हणाला, “माफी मागतो.” पुन्हा हशा पिकला. पण तो विनोद करत नव्हता. कुणाच्या स्वयंपाकघरात कंपनीचा नळ गळला, खालच्या मजल्यावर पाणी गेलं, कुणाचा हात भाजला, की मुरोता गोडाचा खोका घेऊन त्या घरी जायचा, दारातच गुडघे टेकायचा आणि डोकं जमिनीला लावायचा. शिव्या देणारी माणसं तासाभराने त्याला चहा विचारायची. एका म्हातारीने तर पुढे दर शरदात घरच्या झाडाची पर्सिमॉनची फळं पाठवायचा पायंडाच पाडला. ह्या कामात नागोयात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता, असं ऑफिसात म्हणत आणि ते खोटंही नव्हतं.

“तुम्हाला माफी छान मागता येते,” तोमोए म्हणायची, “फक्त चूक दुसऱ्याची असली पाहिजे.” हे ती कधी म्हणाली होती? एकदाच म्हणाली होती की नेहमी म्हणायची? लग्नानंतर पाचसहा वर्षांनी, लेकीच्या, हारुनाच्या शाळेचा कसला तरी कार्यक्रम त्याने चुकवला होता तेव्हा असेल. म्हणताना ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि हसत होती, एवढं त्याला पक्कं आठवत होतं. ती चिडली की घड्या जास्त काटेकोर व्हायच्या. ती वॉर्डाच्या लायब्ररीत होती, तिचा पगार वेगळा, विमा वेगळा, कागदपत्रं वेगळी. त्यामुळे ती आजारी पडली तेव्हा कंपनीच्या कुठल्याही कागदावर त्याची नोंद उमटली नाही. नोव्हेंबरात पोट दुखायला लागलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरने स्वादुपिंडाचं नाव घेतलं. “ऑफिसात सांगा,” ती म्हणाली, “आणि थोडी सुट्टी घ्या. फार नाही, दुपारची आलात तरी चालेल. दुपार मला फार लांब वाटते.” तो म्हणाला, सांगतो. खरंच सांगणार होता. पण त्या महिन्यात गरम पाण्याच्या नळांची एक अख्खी खेप बिघडलेली निघाली होती, विभागातली सहाच्या सहा माणसं रोज दोनदोन घरी वाकून येत होती, आणि त्यात त्याच्या हाताखालच्या ओगिनोचं लग्न फेब्रुवारीत ठरलेलं. अशात आपलं दुखणं कुणाच्या ताटात वाढायचं? आज नको, उद्या सांगू. आठवड्याने तोमोएने विचारलं, “सांगितलंत?” तेव्हा तो म्हणाला, “हो, सांगितलं की. सगळ्यांना फार वाईट वाटलं. ओगिनोने तर विचारलंय, वहिनींना काही हवंय का.” हे सगळं त्याच्या तोंडून सरसर आलं, कारण वेळ मारून नेणारी वाक्यं बोलण्यात त्याचा हातखंडा होता. तोमोएने त्याच्याकडे काही क्षण पाहिलं आणि ती म्हणाली, “त्याला सांगा, आभारी आहे म्हणून.” मग तो रोज संध्याकाळी सातला इस्पितळात यायचा आणि ऑफिसातून काही ना काही निरोप आणायचा. कुरोइवाने लवकर बरं व्हायला सांगितलंय. साहेबांच्या बायकोने ताईत पाठवला होता, तो मी बसमध्ये विसरलो. तोमोए प्रत्येकाचे आभार मानायची.

ओगिनोच्या लग्नाला नऊ दिवस असताना ती गेली. घरचीच दहाबारा माणसं घेऊन त्याने सगळं आटोपलं. ऑफिसात फोन करून घरचा पाइप फुटलाय म्हणून चार दिवस रजा मागितली. नळाच्या कंपनीतल्या माणसाचा पाइप फुटला म्हटल्यावर परत गेल्यावर सगळ्यांनी त्याला भंडावून सोडलं. “मग, स्वतःची माफी मागितलीत की नाही? गोडाचा खोका कुणी कुणाला दिला?” मुरोताही हसला. ज्याच्या घरात नुकतं कुणी गेलंय त्याने लग्नमांडवात पाऊल टाकू नये, हे तो जाणून होता. पण तसं सांगायचं म्हणजे नवऱ्यामुलाच्या आनंदावर विरजण घालायचं, आणि पहिलं भाषण तर त्यालाच करायचं होतं, तीन महिन्यांपूर्वी ठरलेलं. तेव्हा तो पांढरा टाय लावून गेला. वहिनी आल्या नाहीत का? नाही, सर्दी झालीय. भाषणात त्याने संसारावर चार शब्द सांगावेत अशी अपेक्षा होती आणि त्याने तोमोएबद्दल सांगितलं. ती पुस्तकं लायब्ररीत कशी लावते आणि घरात आपले मोजे तशाच क्रमवार कशी लावते, आपण एक मोजा भलतीकडे ठेवला तर तिला कसं झोपेत कळतं. लावते, ठेवते, म्हणते. पाहुणे खळखळून हसले. आणि ती सात मिनिटं, हे मुरोताला कुणाला कधी सांगता आलं नाही, ती सात मिनिटं तोमोए जिवंत होती. ती घरी होती, तिला सर्दी झाली होती, आणि भाषण संपवून तो घरी गेला की ती नाक पुसत विचारणार होती, कसं झालं?

त्यानंतर सांगायला जमलंच नाही, असं तो स्वतःला समजावत आला. आता सांगितलं तर ओगिनोला वाटेल आपल्या लग्नात अमंगळ झालं. साहेबांना वाटेल आपण माणसाला दुखवट्याची रजाही दिली नाही. त्या सगळ्यांना शरमेने मेल्यासारखं होईल, आणि उगाच कशाला? पहिल्या वर्षाअखेरीला त्याने नववर्षाच्या कार्डांचे दोन गठ्ठे केले. नातेवाइकांना काळ्या किनारीचं, की आमच्या घरी दुखवटा आहे, शुभेच्छा पाठवू नयेत. ऑफिसातल्यांना नेहमीचं, फुलाफुलांचं, खाली मुरोता कात्सुनोरी आणि तोमोए. गठ्ठे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्याने एक पेटीत घातला आणि मगच घरी येऊन दुसरा लिहायला घेतला. पण हे झालं वरवरचं. खरं कारण त्याला गुरुवारी, ते तीन रकाने पुढ्यात घेऊन बसल्यावर, प्रथमच स्वच्छ दिसलं आणि त्याची त्याला भीती वाटली. घरात तोमोए फोटोत होती. हारुनाच्या आवाजात ती नव्हती, हारुना तिचं नावच काढायची नाही. फक्त ऑफिसात तोमोए चांगली धडधाकट होती. “वहिनी कशा आहेत?” “मजेत.” “आज लवकर निघालात?” “हो, बायको वाट बघतेय.” अडीच वर्षं होऊन गेली, ऑफिसात तिचं वय वाढत होतं, मध्यंतरी तिचा गुडघा दुखत होता, आता बरा होता. ह्या पत्राला तो काय उत्तर देणार होता? खरं सांगितलं तर जगातल्या त्या एकुलत्या जागीही ती मरणार होती, आणि ह्या खेपेला त्याच्या हातून.

म्हणून रविवारी सकाळी त्याने ठरवलं की कागद आपणच भरायचा, तिच्या वतीने. असं काय कठीण आहे? अठ्ठावीस वर्षांचा संसार. तिच्या तोंडची चार वाक्यं तर सांगता येतील. अंगचा सर्वांत मोठा गुण. ‘ते फार सोशिक आहेत,’ त्याने कच्च्या कागदावर लिहिलं आणि खोडलं, कारण सोशिक हा शब्द तोमोए वापरायची नाही. ‘ते शब्दाला जागतात.’ हे लिहिताना त्याचे कान तापले. ‘ते कुणाला दुखवत नाहीत.’ इथे तो थांबला. तिचा आवाज कानात आणावा म्हणून त्याने डोळे मिटले. आवाज आला, पण तो भलतंच काही बोलायला लागला. दूध संपलंय. खिडकी लावा, कबुतरं येतील. तो निळा शर्ट नका घालू, तुम्ही त्यात पोस्टमन दिसता. हे सगळं हुबेहूब तिचंच होतं, त्यात काडीचा फरक नव्हता. पण मुरोता हा माणूस कसा आहे, ह्यावर तो आवाज गप्प होता. त्याला वाटलं की तिने कधी सांगितलंच नसेल. मग वाटलं, आपण विचारलंच नाही. बाहेर शेजारची बाई गाद्या उन्हात टाकून बडवत होती, त्याच्याही घरात एके काळी रविवारी सकाळी हाच आवाज असायचा. अकरा वाजता त्याने हारुनाला फोन लावला.

हारुना कानाझावात दातांच्या दवाखान्यात काम करायची. महिन्यातून एकदा, पहिल्या तारखेला, ती फोन करायची आणि पाच मिनिटांत ठेवायची. आज पहिली तारीख नव्हती. “काय झालं?” तिने विचारलं. “पडलात का?”

“नाही नाही. जेवलीस?”

“अकरा वाजता? बाबा, काय झालंय ते सांगा.”

“एक विचारायचं होतं. म्हणजे, असं समज, तुझ्या आईला कुणी विचारलं असतं, की ह्या माणसाचा चांगला गुण कुठला, तर ती काय म्हणाली असती?”

हारुना हसली. “हा कसला प्रश्न? लग्नबिग्न करताय की काय दुसरं?”

तेव्हा त्याला सगळं सांगावं लागलं. पाकीट, रकाने, वीस तारीख. सांगता सांगता तिचं हसणं बंद झालेलं त्याला कळलं.

“थांबा. तिच्या नावाने पत्र आलंय म्हणजे? त्यांना माहीत नाही? बाबा. अजून? अजून नाही सांगितलंत?”

“अजून म्हणजे काय?”

“म्हणजे ती होती तेव्हा सांगितलं नव्हतंत ते मला माहीतच आहे. मला वाटलं गेल्यावर तरी तोंड उघडलं असेल.”

मुरोता उभा होता तो खुर्चीवर बसला. “तुला कुणी सांगितलं? ती होती तेव्हाचं?”

“आईने. तुम्ही एकदा तुमचा फोन तिच्या पलंगावर विसरून गेलात, जानेवारीत. आठवतं? ते सांगायला तिने दुपारी ऑफिसात फोन केला. ओगिनोने उचलला. म्हणे, वहिनी, कशा आहात, किती दिवसांनी आवाज ऐकला! लग्नाला येताय ना, मुरोतासान म्हणाले तुम्ही किमोनो काढून ठेवलाय.”

“मग?”

“मग काय. आई म्हणाली, हो, येणार तर. काढून ठेवलाय. बाजूला मीच होते, बाबा. तिच्या हाताला सलाइन होतं. फोन ठेवला आणि हसायलाच लागली. मी म्हटलं, आई, हे काय चाललंय? तर म्हणाली, तुझ्या बाबांनी मला ऑफिसात ठणठणीत ठेवलंय. बरंय की, एका ठिकाणी तरी मी बरी आहे.” हारुनाचा आवाज फाटला. “आणि म्हणाली, त्यांना कळू देऊ नकोस हं, लाजतील बिचारे. म्हणून मी गप्प. तुमच्या दोघांच्या ह्या थेरांत मी तीन वर्षं गप्प. मला कंटाळा आलाय, बाबा.”

तिने फोन ठेवला की आपण ठेवला हे त्याला नंतर आठवेना. गाद्या बडवण्याचा आवाज थांबला होता. जानेवारीतला तो दिवस कुठला? त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता तो गेला तेव्हा फोन तिच्या उशाशी होता, आणि तो म्हणाला होता, ओगिनोने विचारलंय, वहिनींना आता कसं वाटतंय. तिने त्याच्याकडे पाहिलं होतं. ते पाहणं त्याला स्वच्छ आठवत होतं. तो समजला होता, थकली आहे. आणि मग तिने विचारलं होतं, “अजून काय म्हणाला ओगिनो?” आणि त्याने आणखी रचून सांगितलं होतं, बरंच काही, आणि ती ऐकत होती, मधेच म्हणाली होती, गुणी मुलगा आहे हो. त्यानंतर महिनाभर रोज त्याचे खोटे निरोप तिने घेतले. एकेकाला उत्तर दिलं. कुरोइवाला सांगा, मी त्याच्या बायकोची पाककृती करून बघणार आहे. साहेबांना सांगा, ताईत मिळाला समजा. तिला बोलायचेही कष्ट पडत होते तेव्हा. तिला दुपार लांब वाटत होती, आणि त्या दुपारी तो कुठल्या तरी परक्या बाईच्या दारात डोकं टेकून बसला होता, आणि संध्याकाळी येऊन तिला जे देत होता ते खोटं आहे हे जाणून ती दोन्ही हातांनी घेत होती. मुरोताने त्या रविवारी जेवण केलं नाही. सोमवारी ओगिनोने कॉफीच्या यंत्रापाशी विचारलं, “वहिनी कशा आहेत?” आणि मुरोताने घसा बसल्याची खूण केली. ओगिनोने खिशातून खोकल्याची गोळी काढून त्याला दिली.

बुधवारी शनिवारच्या वर्गाची बदली सुट्टी होती. अकराच्या सुमाराला घरचा फोन वाजला. हा फोन आता सहसा वाजतच नसे. त्याने उचलला आणि नाव सांगायच्या आत पलीकडून एक मुलगी हळू आवाजात, पण घाईघाईने बोलायला लागली. “मुरोताबाई का? मी कंपनीतून सेरिझावा. साहेब घरात नाहीत ना? ते गुपचूप पत्राचं, आज एकोणीस झाली म्हणून म्हटलं आठवण करावी.”

“मी मुरोता बोलतोय,” तो म्हणाला.

“अगं बाई!” मग गडबड. “तुम्ही घरी आहात? आज बदली सुट्टी, हो की! मेले मी. मुरोतासान, तुम्ही काही ऐकलं नाहीत हं. मी फोनच केला नाही. बाईंना फक्त एवढं सांगा की लायब्ररीतून, नाही, कुठून तरी फोन आला होता.”

तिला सोडवणं अगदी सोपं होतं. बरं, सांगतो, एवढं म्हटलं की झालं असतं. तोमोए बाजारात गेली असती, दुपारी परत आली असती, कागद भरून तिने उद्या टाकला असता. मुरोताने भिंतीला हात टेकला. “सेरिझावासान,” तो म्हणाला, “ती नाहीये.”

“मग मी दुपारी करू का?”

“नाही. ती वारली. येत्या फेब्रुवारीत तीन वर्षं होतील. मी कंपनीत सांगितलं नव्हतं.”

पलीकडे काही पडल्याचा आवाज झाला. मग मुलीची माफी सुरू झाली. आम्हाला अजिबात कल्पना नव्हती, आमच्या हलगर्जीपणामुळे आपल्याला केवढा मनस्ताप झाला असेल, काय बोलावं कळत नाही, अक्षम्य आहे, आपल्याला फार त्रास दिला. मुरोता ऐकत होता. आता ह्यावर बोलायचं वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. छे छे, त्रास कसला, उलट माझ्यामुळे तुम्हालाच. एकतीस वर्षांत ते वाक्य त्याने हजारो वेळा ऐकलं होतं, आणि ते आलं की काम झालं असं समजून तो उठायचा. त्याने तोंड उघडलं. “हो,” तो म्हणाला, “त्रास झाला. मला फार त्रास झाला.” आणि मग त्याला रडू आलं. चोपन्न वर्षांचा माणूस, घरात कुणी नाही, दिवसाढवळ्या, फोनवर एका अनोळखी पोरीपुढे तो हमसून हमसून रडला. मुलीने फोन ठेवला नाही. थोड्या वेळाने तीही नाक ओढते आहे असं त्याला ऐकू आलं. शेवटी तिने विचारलं, “त्या कागदाचं काय करायचं, मुरोतासान? फाडून टाका तो.” तो म्हणाला, “राहू दे. मी बघतो.”

तोंड धुऊन तो टेबलाशी बसला. ऑफिसात आता तोमोए मेली होती. संध्याकाळपर्यंत ओगिनोला कळेल, कुरोइवाला कळेल, उद्या सगळे उठून उभे राहतील. त्याने कागद पुढे ओढला. वर छापलं होतं, ‘आपल्या पतीविषयी.’ त्यातला ‘पती’ हा शब्द त्याने खोडला आणि वर लिहिलं, तोमोए. हे असं करावं असं त्याच्या मनात कधी आलं ते त्याला सांगता आलं नसतं. चौदा म्हाताऱ्यांचे गुण शोधायला कंपनीने एवढा खर्च मांडला होता, आणि तिचे गुण तिला कुणीच कधी विचारले नव्हते. पहिला रकाना भरायला त्याला मिनिटही लागलं नाही. ‘दुसऱ्याची लाज ती स्वतःच्या अंगावर घ्यायची, आणि त्याला पत्ता लागू द्यायची नाही.’ मग तो तिसऱ्या रकान्यावर गेला. तिला एकच गोष्ट सांगायची तर. माफीची पत्रं लिहिताना तो ऋतूच्या वर्णनाने सुरुवात करायचा आणि दीड पान भरायचा. इथे त्याने लिहिलं, ‘माझं चुकलं.’ पुढे काही सुचेना, आणि पुढे काही असायची गरजही वाटेना.

राहिला दुसरा. तिला आयुष्यात सर्वांत मोलाचं काय वाटत होतं? त्याने पेन टेकवलं. पुस्तकं, असं लिहिणार होता. पण लायब्ररीला ती नोकरी म्हणायची, आणि घरी तिने क्वचितच वाचलं होतं. हारुना? असेलच, पण ते कुठल्याही आईबद्दल म्हणता आलं असतं. घर? मी? इथे तो ओशाळला. तिला काय खायला आवडायचं हे त्याला माहीत होतं, कुठल्या बाजूला झोपायची हे माहीत होतं, ती कशाला घाबरायची, कशाला हसायची, चिडल्यावर घड्या कशा घालायची. पण त्या सगळ्याच्या तळाशी काय होतं? पन्नास पत्ते तिच्यापुढे मांडले असते तर तिने शेवटी कुठला हातात ठेवला असता? त्याने सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा तिचा एक अख्खा दिवस डोळ्यांपुढे आणून पाहिला. ती उठली, पडदे सारले, डबे भरले, सायकलवरून गेली, आली; आणि त्या दिवसभरात ती कशासाठी जगत होती हे त्याला कुठेच दिसेना. दीड वाजला. दवाखान्याची जेवणाची सुट्टी ही, असा हिशेब करून त्याने हारुनाला फोन लावला. तिने लगेच उचलला.

“सांगितलं मी,” तो म्हणाला. “ऑफिसात. आत्ता.”

“हं,” ती म्हणाली. “बरं केलंत.”

“हारुना, एकच विचारतो. तुझ्या आईला सगळ्यांत मोलाचं काय वाटायचं गं? म्हणजे, अगदी आतून?”

तिच्या मागे कपबशांचा आवाज येत होता, कुणी तरी मोठ्याने बोलत होतं, दार उघडून मिटलं. ती टोमणा मारेल म्हणून मुरोता तयारीत होता आणि तिने मारला असता तर त्याला हलकं वाटलं असतं. पण अगदी लहान आवाजात, लहानपणी गृहपाठ हरवल्यावर बोलायची त्या आवाजात, ती म्हणाली, “मला नाही माहीत, बाबा. मला वाटत होतं, तुम्हाला माहीत असेल.”